वस्तूचा माग, माणसाचा माग

नवे भांडे घेतले की त्यावर नाव घालून घ्यायचे, ही महाराष्ट्रातील घरांची जुनी पद्धत. लग्नकार्यात चार घरची पातेली एका चुलीवर चढली, तरी कार्य आटोपल्यावर ज्याचे पातेले त्याच्या घरी परत जावे, हा त्यामागचा साधा हेतू. परटाने कपड्याच्या कोपऱ्यात शाईने केलेली खूण, मुंबईच्या डबेवाल्याने झाकणावर रंगाने रेखलेली अक्षरे आणि आकडे, रजिस्टर पोस्टाच्या पाकिटावर पडणारा क्रमांक, या सर्व खुणा एकाच कुळातल्या. वस्तू कोणाची आणि ती कोठे पोहोचायची, एवढेच त्या सांगत. ती या घटकेला कोठे आहे, हे सांगण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नव्हते आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. वस्तू हरवली तर तिच्या शोधात माणसालाच निघावे लागे.

गेल्या काही वर्षांत ही स्थिती पालटली. किल्ल्यांच्या जुडग्याला लावायची रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी चकती, मोटारीच्या आसनाखाली दडवायची पेटी, बॅगेच्या मुठीला चिकटवायची पट्टी, अशी नाना साधने बाजारात आली असून ती सारी एकच आश्वासन देतात: तुमची वस्तू कोठे आहे, ते आम्ही सांगू. गिऱ्हाईक साहजिकच त्यांची तुलना किमतीवरून, पल्ल्यावरून आणि बॅटरी किती दिवस टिकते यावरून करते. ही तुलना गैर नाही. पण ती अपुरी आहे. या साधनांमधील खरा फरक निराळ्याच दोन गोष्टींत आहे. शोधण्याचे काम ती कोणाकडून करून घेतात, हा एक भाग. आणि मिळालेली माहिती कोणाच्या हाती पडते, हा दुसरा. या दोन कसोट्या लावल्या, म्हणजे किल्ल्या आणि बॅगा यांचा हा किरकोळ वाटणारा विषय नागरिकाच्या स्वातंत्र्यापर्यंत कसा जाऊन भिडतो, हे ध्यानात येते.

दारावरचा पहारेकरी

या साधनांतील सर्वांत जुना वर्ग पहारेकऱ्याचा म्हणता येईल. वस्तू एखाद्या ठरावीक दारातून गेली की तेवढ्यापुरती तिची नोंद करायची, ही त्याची रीत. मालाच्या पुड्यावरील काळ्या रेघांची बारकोडची खूण अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका दुकानात १९७४ साली प्रथम वाचली गेली आणि पुढे तीच खूण विमानप्रवाशाच्या बॅगेलाही येऊन चिकटली. तिच्यातील दहा आकडी क्रमांक म्हणजे त्या प्रवासापुरती बॅगेची ओळख. पण बारकोड वाचायचा तर तो यंत्राच्या नजरेसमोर यावा लागतो. पट्टी चुरगळली किंवा बॅगेखाली दबली, की पहारेकरी आंधळा होतो. रेडिओलहरींवर चालणाऱ्या आरएफआयडी टॅगने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. त्याच्या साध्या प्रकारात बॅटरी नसतेच. वाचकयंत्राने सोडलेल्या लहरींतून त्याला क्षणभर पुरेल एवढी ऊर्जा मिळते आणि तेवढ्यावर तो आपला क्रमांक सांगून मोकळा होतो. फेब्रुवारी २०२१मध्ये टोलनाक्यांवर ज्याची सक्ती झाली, तो मोटारीच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा.

विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे आयाटाचा, ७५३ क्रमांकाचा ठराव जून २०१८मध्ये अमलात आला. बॅग प्रवाशाकडून घेताना, विमानात चढविताना, एका विमानातून दुसऱ्यात देताना आणि अखेर प्रवाशाच्या हवाली करताना, अशा चार ठिकाणी तिची नोंद झाली पाहिजे, असे या ठरावाचे म्हणणे. अमेरिकेतील डेल्टा कंपनीने त्याआधी दोन वर्षे, २०१६मध्ये, बॅगांना आरएफआयडी टॅग लावण्यास आरंभ केला होता. अशा प्रयत्नांना फळ आले नाही असे नाही. या क्षेत्राला यंत्रणा पुरविणाऱ्या सिटा या संस्थेच्या अहवालांनुसार २००७ साली दर हजार प्रवाशांमागे जवळजवळ १९ बॅगांची हेळसांड होत होती. २०२४मध्ये हे प्रमाण ६.३वर आले. तथापि, प्रवाशांची संख्याच इतकी वाढली आहे, की एवढ्या सुधारणेनंतरही २०२४ या एका वर्षात उशिरा पोहोचलेल्या, मोडतोड झालेल्या वा हरवलेल्या बॅगांचा आकडा ३ कोटी ३४ लाखांच्या घरात गेला.

पहारेकऱ्याची मर्यादा उघड आहे. त्याला दार दिसते, दोन दारांमधला रस्ता दिसत नाही. पण त्याचा गुणही याच मर्यादेत आहे. तो फार जाणत नाही, आणि जे जाणतो ते त्याच्या दारापुरते असते. अर्थात दारांची संख्या वाढत गेली आणि सर्व पहारेकऱ्यांच्या वह्या कोणी एका ठिकाणी शिवून काढल्या, की त्यातूनही प्रवाशाचा संपूर्ण प्रवास उभा करता येतो, हे विसरून चालणार नाही.

आकाशातील घड्याळे

दुसरा वर्ग उपग्रहांच्या साह्याने चालणाऱ्या जीपीएस यंत्रांचा. उपग्रह वरून वस्तूकडे पाहत असतात आणि ती कोठे आहे हे त्यांना ठाऊक असते, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. उपग्रह पाहत नाहीत, ते बोलतात. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या प्रत्येक जीपीएस उपग्रहात अणुघड्याळ असते आणि तो आपली वेळ व आपले स्थान अखंड सांगत राहतो. जमिनीवरील यंत्र निदान चार उपग्रहांचे हे बोल ऐकते, प्रत्येक संदेश किती उशिरा पोहोचला यावरून अंतरे काढते आणि स्वतःचे ठिकाण स्वतःच ठरविते. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइल फोनलाही हे गणित पाचेक मीटरच्या आत जमते.

ही व्यवस्था मुळात अमेरिकी लष्कराची. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला. सप्टेंबर १९८३मध्ये वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले जाऊन २६९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा पुरी झाल्यावर ती नागरी उपयोगासाठी खुली करण्याचे जाहीर केले. तरीही नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि तेव्हापासून सामान्य माणसाच्या हाती अचूक जीपीएस आले. दुसऱ्याच्या घड्याळावर किती विसंबावे, हा प्रश्न भारतालाही पडला, आणि त्याचे उत्तर म्हणून नाविक या स्वदेशी यंत्रणेचे सात उपग्रह २०१३ ते २०१६ या काळात कक्षेत गेले. त्यांतील काहींची अणुघड्याळे पुढे बंद पडली. नव्या पिढीतील एक उपग्रह २०२३मध्ये व्यवस्थित पोहोचला, तर जानेवारी २०२५मध्ये सोडलेला दुसरा इच्छित कक्षेपर्यंत जाऊ शकला नाही.

सामानाचा माग काढण्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की यंत्राला स्वतःचे ठिकाण कळले, तरी ते मालकाला आपोआप कळत नाही. ते कळवायचे तर यंत्रात सिमकार्ड हवे, मोबाइलचे जाळे हवे, त्याचे भाडे भरायला हवे आणि या साऱ्याला पुरेल अशी बॅटरी हवी. शिवाय इमारतीत, तळघरात किंवा लोखंडी पेटीत उपग्रहांचे क्षीण संदेश पोहोचत नाहीत. म्हणून मालमोटारी, बसगाड्या, भाड्याच्या मोटारी यांना हे साधन शोभते. छत्रीला किंवा किल्ल्यांना नाही. भारतात १ जानेवारी २०१९पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण कळविणारे यंत्र आणि संकटकाळी दाबायचे बटन बंधनकारक करण्यात आले, ते याच तत्त्वावर. येथे शोधणारा बाहेरचा कोणी नसतो. वस्तू स्वतःच अखंड बोलत राहते, आणि तिचे बोलणे ज्याच्या संगणकात साठते, त्याला तिचा दिवसभराचा हिशेब मिळतो.

अनोळखी माणसांचे डोळे

तिसरा वर्ग सर्वांत नवा आणि सर्वांत विलक्षण. ब्लूटूथच्या अल्प शक्तीच्या लहरींवर चालणाऱ्या या चकत्यांना ना उपग्रहांचे बोल ऐकू येत, ना मोबाइलच्या जाळ्याशी बोलता येत. ‘मी येथे आहे’ अशी हलकी हाक मारीत राहणे, एवढेच त्यांचे काम. ती हाक फार तर काही दहा मीटर ऐकू जाते. मग शंभर मैलांवरच्या मालकाला वस्तूचा पत्ता लागतो कसा? तर वाटेने जाणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचा फोन ती हाक ऐकतो आणि स्वतःच्या ठिकाणाची नोंद त्या हाकेसह कंपनीकडे पाठवितो. फोनच्या धन्याला त्याचा मागमूसही लागत नाही.

अमेरिकेतील टाइल या कंपनीने २०१३ साली लोकवर्गणीतून पैसा उभारून ही कल्पना बाजारात आणली. पण ऐकणारे कान तिच्या ॲपच्या वापरकर्त्यांपुरते मर्यादित होते. ॲपल कंपनीने एप्रिल २०२१मध्ये एअरटॅग काढला, तेव्हा तिचे जगभरचे सुमारे १०० कोटी फोन आणि इतर उपकरणे तिच्या दिमतीला होती. सॅमसंगचा टॅग त्याच वर्षी आला. गूगलने अँड्रॉइड फोनचे आपले जाळे एप्रिल २०२४मध्ये उघडले. भारतात रिलायन्स जिओने २०२३मध्ये ७४९ रुपयांत टॅग विकावयास काढला आणि पुढे ॲपलच्या व गूगलच्या जाळ्यांत सामावणारे निरनिराळे प्रकारही आणले. एअरटॅगची भारतातील किंमत प्रारंभी ३,१९० रुपये होती. नाण्याएवढ्या बॅटरीवर तो सुमारे वर्षभर चालतो. जीपीएस यंत्राच्या भुकेशी तुलना केली, तर हे मितव्ययाचे नवलच म्हणावे लागेल.

या योजनेतील गुप्ततेची रचना कौतुकास्पद आहे, हे मान्य केले पाहिजे. टॅग आपली ओळख वरचेवर बदलत राहतो. वाटेवरचा फोन आपले ठिकाण अशा कुलपात घालून पाठवितो, की त्याची किल्ली फक्त टॅगच्या मालकाकडे असते; मधल्या कंपनीलाही ते उघडता येत नाही. गूगलने तर आणखी एक सावधगिरी बाळगली. एकाच फोनने दिलेल्या वार्तेवर न विसंबता अनेक फोनांच्या वार्ता जुळल्या तरच ठिकाण दाखवायचे, असा नियम तिने मुळात ठेवला. त्यामुळे एकट्यादुकट्याच्या घराचा पत्ता फुटण्याचा धोका घटला. पण निर्मनुष्य जागी पडलेली वस्तू सापडण्याची शक्यताही तितकीच घटली, आणि गूगलचे जाळे कच्चे असल्याची तक्रार सुरू झाली. गुप्तता आणि उपयुक्तता ही दोन्ही एकाच मापाने वाढत नाहीत, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

या टॅगचे बळ गर्दीत असते. दादर स्थानकाच्या पुलावर पडलेली किल्ली काही मिनिटांत बोलू लागेल. मेळघाटातील पायवाटेवर पडलेली तीच किल्ली दिवसचे दिवस मुकी राहील. भारतात अँड्रॉइड फोनांचा भरणा फार मोठा असल्याने, ज्या टॅगला केवळ आयफोनचे कान आहेत, तो पुण्या-मुंबईच्या सधन वस्त्यांत जेवढा हुशार ठरतो, तेवढा तालुक्याच्या गावी ठरत नाही. परदेशी परीक्षणे वाचून खरेदी करणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

या वर्गाला अलीकडे अल्ट्रा-वाइडबँड या तंत्राची जोड मिळाली आहे. प्रकाश आणि रेडिओलहरी एका सेकंदाच्या अब्जांशात सुमारे ३० सेंटिमीटर जातात. संदेश जाऊन येण्यास किती वेळ लागला, हे इतक्या सूक्ष्मतेने मोजता आले, की अंतर वीतभर चुकीने सांगता येते. वस्तू ‘घरात आहे’ एवढ्यावर न थांबता ती पलंगाखाली डाव्या अंगाला आहे, असे फोनवरचा बाण दाखवितो. मात्र त्यासाठी टॅग आणि फोन या दोहोंत ती सोय हवी, आणि ती अद्याप महागड्या फोनांपुरतीच मर्यादित आहे.

तेव्हा व्यवहारापुरता निवाडा अवघड नाही. ठरलेल्या दारांतून जाणाऱ्या मालाला, ग्रंथालयातील पुस्तकांना, कारखान्यातील सुट्या भागांना बॅटरीविना चालणारा टॅग पुरे. रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाला जीपीएस. माणसांच्या गर्दीत वावरणाऱ्या बॅगेला, पर्सला, किल्ल्यांना ब्लूटूथ. एकाचे काम दुसऱ्याला सांगितले, की पैसे फुकट जातात. पण खरा पेच या निवाड्यानंतर सुरू होतो.

चोर आणि पीडित

वस्तू एकटी हिंडत नाही. पर्स कोणाच्या तरी खांद्याला असते, किल्ली कोणाच्या तरी खिशात असते, स्कूटर कोणीतरी चालवीत असते. म्हणून वस्तूचा माग हा बहुधा माणसाचाच माग असतो. आपल्या पर्सवर लक्ष ठेवण्यासाठी घेतलेली चकती दुसऱ्याच्या पर्सच्या अस्तरात सरकवायला क्षणही लागत नाही. एअरटॅग बाजारात येऊन वर्ष उलटले नाही तोच अमेरिकेत स्त्रियांच्या मोटारींत, कोटांच्या खिशांत असे टॅग सापडू लागले. मागे लागलेला माणूस अनेकदा पूर्वीचा नवरा किंवा प्रियकर असे. डिसेंबर २०२२मध्ये काही स्त्रियांनी ॲपलविरुद्ध कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा गुदरला.

कंपनीने आधीच काही बंदोबस्त केला होता. मालकापासून दूर राहिलेला टॅग काही काळाने आवाज करी, आणि परका टॅग आपल्यासोबत फिरत असल्याची सूचना आयफोनवर मिळे. पण हा आवाज प्रथम तीन दिवसांनी होई. टीका झाल्यावर जून २०२१मध्ये ती मुदत ८ ते २४ तासांवर आणण्यात आली. अँड्रॉइड फोन बाळगणाऱ्यांना सूचना मिळण्याची सोयच नव्हती. जर्मनीतील डार्मस्टॅट येथील तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२१मध्ये तसे ॲप तयार करून दिले; ॲपलचे ॲप डिसेंबरमध्ये आले आणि तेही वापरणाऱ्याने स्वतः शोध घेतला तरच उपयोगी पडणारे. अखेर ॲपल आणि गूगल या प्रतिस्पर्ध्यांनी मे २०२३मध्ये एक समान नियमावली मांडली आणि मे २०२४पासून दोन्ही प्रकारच्या फोनांवर, टॅग कोणत्याही कंपनीचा असला तरी, आपोआप सूचना मिळू लागली. म्हणजे वस्तू विकायला आधी आणि पाठलागाचा विचार नंतर, असा हा तीन वर्षांचा क्रम आहे.

यातील मूळ विरोध मात्र कोणत्याही नियमावलीने मिटणारा नाही. चोराने बॅग पळविली, तर तिच्यातील टॅगने गप्प राहावे, अशी मालकाची इच्छा असते. स्त्रीच्या बॅगेत कोणी टॅग दडविला, तर त्याने ओरडावे, अशी समाजाची गरज असते. टॅगच्या दृष्टीने या दोन्ही घटना अगदी सारख्याच आहेत: मालक दूर आहे आणि टॅग एका परक्या माणसाबरोबर फिरतो आहे. चोर कोण आणि पीडित कोण, हे चकतीला कळण्याचा मार्ग नाही. ती गप्प राहिली तर पाठलाग करणाऱ्याचे फावते. ती ओरडली तर चोर सावध होऊन तिला गटारात फेकून देतो. एकाची निवड केली की दुसऱ्याची किंमत मोजावीच लागते. कंपन्यांनी उशिरा का होईना, पीडिताच्या बाजूने कौल दिला, हे योग्यच झाले. एखादी बॅग गेली तर दुसरी घेता येते. त्याचा व्यवहारी अर्थ मात्र गिऱ्हाइकाने नीट समजून घ्यावा: हे टॅग विसरलेली वस्तू शोधण्यासाठी आहेत, चोर पकडण्यासाठी नव्हेत.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सूचना मिळते ती स्मार्टफोनवर. ज्या स्त्रीपाशी साधा बटनांचा फोन आहे, किंवा ज्या घरात फोन एकच आणि तोही घरधन्याच्या ताब्यात, तेथे ही सूचना कोणाला मिळणार? तिच्या वाट्याला येतो तो टॅगचा क्षीण आवाज. आणि तो कशाचा, हे ओळखण्याइतकी या वस्तूची माहिती अजून घरोघर पोहोचलेली नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या स्कूटरला तिला न सांगता टॅग लावणाऱ्या पालकाला त्यात काही गैर वाटत नाही. तो त्याला काळजी म्हणतो. सांगून लावलेला टॅग आणि लपवून लावलेला टॅग यांत विश्वास आणि पाळत यांच्याइतके अंतर आहे.

तोकडा कायदा

कायदा या बाबतीत मागे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगी जीवनाचा हक्क हा मूलभूत हक्क ठरविला. त्या निकालानंतर झालेला २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा कंपन्यांना आणि संस्थांना लागू होतो. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्या कायद्याने स्पष्टपणे वगळला आहे. पाठलागाचा गुन्हा २०१३च्या दुरुस्तीने दंडसंहितेत आला आणि आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात आहे. पण त्याच्या व्याख्येत स्त्रीचा पाठलाग आणि तिच्याशी संपर्काचा प्रयत्न यांची सांगड घातलेली आहे. दुसरा भाग तिच्या इंटरनेट वा ई-मेलच्या वापरावर नजर ठेवण्याविषयी आहे. एक अक्षर न बोलता, तिच्या फोनला हात न लावता, केवळ तिच्या पर्सचे ठिकाण पाहत बसणारा या दोन भागांमधल्या फटीतून निसटू शकतो. कायद्याचा कीस काढून त्याला पकडता येईलही. पण ज्या गुन्ह्याचे स्वरूप इतके उघड आहे, त्यासाठी कीस काढावा लागू नये.

राज्यसंस्थेच्या बाबतीत न्यायालयांनी अधिक स्पष्ट भूमिका घेतली आहे. संशयिताच्या कुटुंबातील मोटारीला पोलिसांनी जीपीएस यंत्र लावून २८ दिवस तिचा माग काढला, तेव्हा हा राज्यघटनेच्या अर्थाने झडतीचाच प्रकार आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२मध्ये जोन्स खटल्यात दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस खटल्यात, जामिनावर सुटलेल्या आरोपीने गूगलच्या नकाशावर आपले ठिकाण तपासयंत्रणेला दाखवीत राहावे, ही अट रद्द ठरविली. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने, आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवू देणारी अट खासगी जीवनाच्या हक्काचा भंग करते, असे म्हटले. जो हक्क जामिनावरील आरोपीला आहे, तो निरपराध कामगाराला किती मिळतो? नागपूर, चंडीगड यांसारख्या शहरांत सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएसची घड्याळे चढविण्यात आली. घड्याळ पालिकेचे, म्हणून त्याचा माग काढण्याचा हक्कही पालिकेचा, असा युक्तिवाद करता येतो. पण मनगट कामगाराचे असते. कचऱ्याच्या गाडीवर यंत्र लावणे वेगळे आणि ते माणसाच्या हातावर बांधणे वेगळे, हा विवेक प्रशासनाने सोडता कामा नये.

या विषयात लोकमत जागे होऊ शकते, याचे उदाहरणही ताजे आहे. हरवलेला फोन बंद करण्यासाठी उपयोगी पडणारे संचार साथी हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घातलेले असावे, असा आदेश दूरसंचार खात्याने काढल्याचे डिसेंबर २०२५च्या आरंभी उघड झाले. हेतू चांगला होता. सक्ती वाईट होती. चोहोकडून टीका झाल्यावर दोन-तीन दिवसांतच सरकारला ती सक्ती मागे घ्यावी लागली.

ठिकाण कळल्यावर

शेवटचा मुद्दा साधा आहे, पण जाहिरातींत तो नसतो. ठिकाण कळणे आणि वस्तू मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लंडनहून निघालेली बॅग फ्रँकफर्टला राहिली आहे, हे प्रवाशाच्या फोनवर दिसले, तरी ती तेथून हलवायला कर्मचारीच लागतो. ऑक्टोबर २०२२मध्ये लुफ्तांसा कंपनीने तर चालू स्थितीतील टॅग बॅगेत ठेवण्यासच मनाई असल्याचे सांगितले आणि काही दिवसांतच ती भूमिका मागे घेतली. नोव्हेंबर २०२४मध्ये ॲपलने आपल्या बॅगेचे ठिकाण प्रवाशाला विमान कंपनीकडे सात दिवसांपुरते पाठविता येईल, अशी सोय जाहीर केली आणि अनेक कंपन्यांनी ती स्वीकारली. मुदत संपली, किंवा बॅग मिळाली, की दुवा आपोआप बंद होतो. कमीत कमी माहिती, ठरावीक कामापुरती, ठरावीक मुदतीपुरती आणि मालकाच्या संमतीने, असे तिचे स्वरूप आहे, आणि इतरांनी अनुकरण करावे असेच ते आहे. विमान कंपनीने बॅग २१ दिवसांत आणून दिली नाही तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते, हा माँट्रियल कराराने दिलेला हक्क मात्र कोणत्याही टॅगहून अधिक मोलाचा आहे, आणि तो बहुतेक प्रवाशांना माहीत नसतो.

फोनच्या बाबतीतही तोच अनुभव. प्रत्येक फोनला १५ आकडी ओळखक्रमांक असतो. त्याच्या आधारे हरवलेला फोन देशभर बंद पाडण्याच्या केंद्रीय व्यवस्थेचा प्रारंभ सप्टेंबर २०१९मध्ये मुंबईतच झाला आणि मे २०२३पासून ती सर्व देशाला खुली झाली. बंद केलेल्या फोनमध्ये कोणी नवे सिमकार्ड घातले, की त्याची खबर यंत्रणेला लागते. पण खबर लागल्यावर कोणत्या तरी पोलीस ठाण्यातील शिपायाला उठून जावे लागते, आणि तेथे मनुष्यबळ नसेल किंवा इच्छा नसेल, तर नकाशावरचा ठिपका मालकाच्या मनस्तापात भर घालण्यापलीकडे काही करीत नाही. त्या ठिपक्याच्या मागे स्वतःच धावणे हे तर धोक्याचे. टॅग इमारत दाखवितो. दारामागे कोण आहे, ते सांगत नाही.

या साऱ्याचा इत्यर्थ असा, की माग काढण्याची साधने वाईट नाहीत, परंतु सर्वांत अधिक जाणणारे साधन ते सर्वांत चांगले, हा हिशेब चुकीचा आहे. जे काम पहारेकऱ्याने भागते, तेथे अखंड बोलणारे यंत्र नको. जे काम वस्तूच्या मागाने भागते, तेथे माणसाचा माग नको. आणि जेथे माणसाचा माग अटळ आहे, तेथे त्याची संमती आणि मुदत हवी. ७८व्या कलमातील फट बुजविण्यासाठी दोन शब्दांची दुरुस्ती पुरेल. परका टॅग कसा ओळखावा आणि सापडल्यास तो घेऊन कोठे जावे, हे शाळा-महाविद्यालयांतून आणि पोलीस ठाण्यांतून सांगण्यास तर कायद्याचीही गरज नाही. हरवलेली छत्री सापडावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. मात्र तिच्यापायी आपला ठावठिकाणा स्वतःपाशी ठेवण्याचा अधिकार हरवला, तर तो शोधून देणारा टॅग कोणत्याही बाजारात मिळणार नाही.